दुपारी मत न देणारी अक्का

दुपारी बारा ते चार या वेळात अक्का कुठल्याही रोपाबद्दल मत देत नसे. माणसांबद्दलही नाही. कुणी मिरचीचा ट्रे उचलून आणला आणि विचारलं, "अक्का, हिला काय झालंय?" की ती पदर सारखा करून तिच्या अहिराणीत म्हणायची, "आते नको इचारू. दुपारमा बठ्ठाच माना टाकतस. सकाय होऊ दे." दुपारच्या उन्हात सगळेच माना टाकतात, खरं काय ते सकाळी दिसतं, हा तिचा नियम.

पाचोऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेत ती कित्येक वर्षं रोपांना पाणी घालत होती. मी जळगावहून रोज गाडीने तिथल्या ऑफिसात जायचे. शेतकरी व्हॉट्सॲपवर रोपांचे फोटो पाठवत, त्यांना मी लिहून उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. लिहायचं होतं म्हणूनच मी ती नोकरी धरली होती. फोन वाजला की मी तो दुसऱ्या कुणाकडे सरकवायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी बोलताना शब्द अडायचे, आणि इंग्रजी बोलायला तिथे कुणी नव्हतं. दोन्हीकडून गप्प राहायची सोय होती.

पहिल्या दिवशी मी खाली मान घालून शेडनेटमधून चालले होते. अक्का बाकीच्या बायांना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हाई पोर दुपारनी अशी शे, का सकायपासूनच?" सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकातच उभी. तिची पाठ वाकलेली, त्यामुळे माझा खाली घातलेला चेहरा तिला बरोबर दिसला. तिने तो नीट पाहिला आणि निकाल दिला, "सकायपासूनच शे. हिले उजेड कमी पडी ऱ्हायना." मग माझं टेबल तिने स्वतः ओढून खिडकीपाशी नेलं. मी "तुम्ही राहू द्या, तुम्ही कशाला" म्हणत होते. ती म्हणाली, "तुम्ही कसाले? मी काय तलाठी शे का?" तेव्हापासून ती माझ्यासाठी 'तू' झाली.

ऑफिसात एक छापील तक्ता होता. मूळ इंग्रजीतला. एका बाजूला लक्षण, दुसऱ्या बाजूला उपाय. त्यात 'ड्रूपिंग', म्हणजे रोप खाली झुकणं, यासमोर लिहिलं होतं, पाणी वाढवा. मला तो शब्द ओळखीचा वाटला. शाळेत त्याचे समानार्थी शब्द पाठ केले होते: सॅग, विल्ट, स्लंप, आणखी चार. दोन गुणांचा प्रश्न असे आणि माझे गुण कधी गेले नाहीत. पण सॅग झालेली एखादी वस्तू आणि विल्ट झालेलं एखादं पान शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं.

अक्काकडे शब्द होते आणि प्रत्येकापुढे एक खरं झाड होतं. उजेडासाठी उंच वाढून आडवं झालेलं रोप 'लोळलं'. पानातलं पाणी गेलं तर 'कोमेजलं'. उभं आहे पण तजेला नाही, ते 'मलूल'. देठापासून खाली आलं, तर 'मान टाकली'. आणि मिरच्या लगडून फांदी खाली आली, तर ती नुसती 'वाकली'. त्याला औषध नाही, काठी द्यायची. एकदा एका बाईने तिच्या पाठीवरून तिला चिडवलं, तेव्हा अक्का झारी खाली न ठेवता म्हणाली, "मी वाकेल शे. मान टाकेल नई."

एका सकाळी नरडाण्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोटो आला. आमच्याकडून नेलेली मिरचीची रोपं, लावून चौथा दिवस, सगळ्या माना खाली. फोटो आदल्या दुपारचा होता, पण ते मी विचारलं नाही. तक्ता पाहिला आणि उत्तर लिहिलं, पाणी वाढवा. साडेअकराला, जेवणाच्या सुट्टीत अक्काला सहज फोटो दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला.

"कव्हयना फोटो शे?"

"काल दुपारचा."

"आनि तू काय सांगं?"

मी सांगितलं. अक्काचं हसू गेलं. "काळी जमीन दिखी ऱ्हायनी. वल्ली शे. आखो पानी दिधं तर बठ्ठा रोपे मरी जातीन. कागदले काय इचारस? रोपले इचार. फोन लाव."

"मेसेज करते ना."

"त्यानी मोटर चालू व्हई. मेसेज कव्हय वाचीन तो? फोन लाव!"

लावला. मोटरचा आवाज मागे घुमत होता. मी म्हणाले, पाणी बंद करा. तिकडून आवाज चढला. "सकाळी तुम्हीच लिहिलं ना ताई, वाढवा म्हणून? आता बंद करा? एकदा काय ते ठरवा!" मला फोन ठेवून द्यावासा वाटला. समोर अक्का हाताची मूठ दाबून दाखवत होती. मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं. एवढं करा, रोपाजवळची माती खालून उकरून मुठीत दाबा." मोटरचा आवाज थोडा दूर गेला. मग तो म्हणाला, "गोळा होतोय." "आज सकाळी रोपं कशी होती?" "सकाळी तर उभी होती." "मग ओल भरपूर आहे, पाणी नको. संध्याकाळपर्यंत थांबा." मोटर बंद झाल्याचं मला फोनवर ऐकू आलं. माझ्या पंजाबी ड्रेसचा गळा घामाने ओला झाला होता आणि अक्का माझ्या डब्यातली भाजी संपवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फोटो आले. एकात रोपं उभी होती. दुसऱ्यात मोटरजवळची एक ओळ गेलेली. तिला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पाणी मिळालं होतं. ती ओळ माझी. तो फोटो मी अजून पुसलेला नाही. त्याच दिवशी तक्त्यातलं 'पाणी वाढवा' खोडून मी अक्काचे प्रश्न लिहिले: कधीचा फोटो, सकाळी कशी होती, माती मुठीत दाबून पाहिली का. मालकांनी विचारलं, "एवढं लांबलचक?" मी म्हणाले, "हो." यापेक्षा जास्त बोलायची तेव्हा गरज वाटली नाही.

गेल्या वर्षी अक्काचे गुडघे थकले आणि मुलगा तिला सुरतेला घेऊन गेला. निघताना तिने मला पिशवीभर सुकवलेल्या मिरच्या दिल्या आणि फाटकापाशी पुन्हा एकदा खालून माझा चेहरा पाहिला. या वेळी निकाल दिला नाही.

चार दिवसांनी मी फोन केला. अक्काचा आवाज अगदी बारीक. चौथा मजला, खिडकीसमोर भिंत, जेवण जात नाही, म्हणाली. ये म्हणू, येते म्हणू, पैसे पाठवू का विचारू? मग घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. "अक्का, ठेवते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, जळगावच्या फलाटावर उभी राहून, मी पुन्हा फोन लावला. एक रिंगही पुरी झाली नाही.

"अक्का, कशी आहेस?"

"मी तं कव्हयनी उठेल शे," अक्का खणखणीत आवाजात म्हणाली. "गच्चीवर डबामा मिरची लायी दिधी. तू सांग, गाडीमा खाली मान घालीसन बसस का?"

मी मान वर केली आणि म्हटलं, "नाही."