निसण्याला लावलेला शेंदूर

माझ्या सासऱ्यांचा निसणा मी नासवला. रागानं नाही, भक्तीनं. जामखेडपासून दोन कोसांवरच्या गावात ते न्हावीकाम करत, आणि निसणा म्हणजे त्यांचा वस्तऱ्याला धार लावायचा दगड. वीतभर लांब, पारव्या रंगाचा, वापरून वापरून मधे किंचित खोलगट झालेला. त्यांच्या वडिलांच्या हातून तो त्यांच्याकडे आला होता.

माझं लग्न एकाहत्तरच्या उन्हाळ्यात झालं. सासू आधीच वारल्या होत्या. नवरा तुटक बोलायचा, विचारलं तर हूं, नाही तर तेही नाही. त्यामुळे त्या घरात बोलणारं माणूस म्हणजे सासरेच. धार लावायला ते ओट्यावर बसले की मी सूप घेऊन शेजारी बसायची. बाजारात दगड कसा पारखायचा हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, की जणू उद्या मीच दुकान थाटणार.

"वाळल्या दगडावर बोटानं पानी सोडायचं," ते म्हणायचे. "घटकन पिला तर दगड मऊ, न्हाई घ्यायचा. हळूहळू पितो तो घ्यायचा. मग नख फिरवून बघायचं. खरखर लागली तर तो कोयत्याचा. वस्तऱ्याचा दगड नखाला लागतच न्हाई."

दगड ओला करून ते वस्तरा त्यावर आडवा निजवायचे. पाठ न उचलता पुढे न्यायचे, पाठीवरच उलटवून मागे आणायचे. थोड्या वेळानं दगडावरचं पाणी पातळ ताकासारखं व्हायचं. ते आलं की दगड लागला असं समजायचं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारायचे आणि मनगटावरचा एक केस उडवून बघायचा.

एवढं सगळं ऐकलं, पण एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. माझे वडील कोपरगावकडे साखर कारखान्यात फिटर. आमच्या घरात वस्तरा कधी नव्हताच. खंडेनवमीला वडील पाने-हातोड्या तेलानं पुसून पाटावर मांडायचे. सासरी पहिली खंडेनवमी आली तेव्हा सासरे झेंडूची फुलं आणायला मळ्यात गेले होते. मी त्यांची हत्यारांची पिशवी, धोकटी, सोडली, वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी तेलानं पुसली आणि पाटावर ठेवली. मग राहिला दगड. पाटावर मांडलेला दगड म्हणजे देव, आणि देवाला काय लावतात हे मला चांगलं माहीत होतं. मी शेंदूर तेलात कालवला आणि त्याला अंगभर लावला. छान दिसत होता.

नवरा आत आला आणि जागीच थबकला.

"अगं, हा पानी लावायचा दगड हाय. याला तेलाचं बोट लावायचं नसतं."

आम्ही दोघांनी तो राखेनं घासला, रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवला. शेंदराची लाली निघाली, तेल आत मुरलं होतं. सासऱ्यांची चाहूल लागली तसा नवऱ्यानं तो पुसून पाटावर ठेवला, वर हळदीकुंकवाचं बोट ओढलं आणि म्हणाला, "बोलू नको. धुतलाय की." मी नवी सून, सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचा मला आजही राग येतो.

तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात सलून घोळत होतं. जामखेडच्या स्टँडजवळ मोठा आरसा, फिरती खुर्ची आणि ब्लेड. सासरे म्हणायचे, "माझा हात चालतोय तवर या गावाला ब्लेड लागायचं न्हाई." आठवड्यातून एकदा तरी बापलेकांची यावरून वाजायची.

दसऱ्यानंतर ते दगडावर जास्त वेळ बसायला लागले. दगडावर ताक काही येईना. ते एकदा पाणी घालत, पुन्हा घालत, मग पट्ट्यावरच वस्तरा ओढत राहत. मनगटावर केस उरले नाहीत तसे कोपरापर्यंत गेले. दिवाळीच्या सुमारास शाळेतल्या मास्तरांच्या जबड्याखाली कापलं. सासऱ्यांनी तुरटी दाबून धरली. पुढच्या खेपेला मास्तर जामखेडहून दाढी करून आले.

गावात बोलणं सुरू झालं की म्हाताऱ्याचा हात गेला. सासरेही तेच म्हणायला लागले. मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगू, आणि रोज भाकरी थापता थापता वेळ निघून जायची. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "आता सांगून काय? वय झालंच हाय त्यांचं."

संक्रांतीनंतर पाटलांच्या नातवाचं जावळ ठरलं. त्या पोराच्या बापाचं, म्हणजे पाटलांच्या लेकाचं जावळही सासऱ्यांनीच काढलं होतं. बोलावणं आलं तेव्हा ते ओट्यावरच होते. त्यांनी आपला उजवा हात उघडून पाहिला आणि निरोप्याला म्हणाले, "तान्ह्या डोक्याचं काम हाय. माझा भरवसा न्हाई. माझ्या पोराला न्या." नवरा ब्लेड घेऊन गेला आणि नारळ, टोपी घेऊन परत आला. सासऱ्यांनी धोकटी बांधून खुंटीला टांगली. मी चुलीपुढे बसून रडले, धुराचं निमित्त होतंच.

पुढच्या बाजाराला मी जामखेडला गेले. दगडवाल्यापुढे बसून एकेका दगडावर बोटानं पाणी सोडलं. पहिला घटाघटा प्यायला, दुसरा नखाला लागला. "बाई, दगड घेताय का पाजताय?" दगडवाला म्हणाला. पाचवा हवा तसा निघाला. तो पदरात बांधून आणला, सासऱ्यांपुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तेल मी लावलं, शेंदूर मी लावला, आम्ही दोघांनी मिळून तो धुतला, तुमचा हात कुठं गेला नाही.

त्यांनी दगडावर नख फिरवलं. पाण्याचा थेंब सोडून बघितला.

"चांगला निवडलास," ते म्हणाले. मग नवा दगड खाली ठेवत म्हणाले, "तेलाचं मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं हुतं. पानी थेंब धरून बसलं. चाळीस वर्सं हातात हाय तो दगड माझ्या."

"मग बोलला का नाही, मामा?"

"काय बोलू? रेतीवर घासला असता तर दोन दिसांत नवं तोंड निघालं असतं. पर ज्या लेकानं बापाचा दगड तेलात घातला, त्याला माझं काम थांबायला पायजे हुतं. थांबवलं."

मला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं तेव्हा मी त्यांचे पाय धरले. तुमच्या लेकानं नाही, मीच लावलं, आईची शपथ घेऊन सांगते, असं मी चार वेळा तरी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू चांगली हाईस," ते म्हणाले. "नवऱ्याचं आपल्या अंगावर घेतीस. पर त्याला म्हनू नको, मला ठावं हाय म्हनून. एका घरात ऱ्हायाचंय."

मी नवऱ्याला खरंच सांगितलं नाही. त्यानं जाऊन बापाला खरं सांगितलं तरी ते पढवलेलं वाटेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे मला भीती वाटली. नवरा मला काय म्हणेल याची, आणि बाप आपल्याबद्दल काय धरून बसलाय हे कळल्यावर त्याचं काय होईल याची.

त्या वर्षी सलून निघालं. सासरे पुढं नऊ वर्षं जगले. संध्याकाळी जामखेडहून लेक आला की दोघं शेजारी शेजारी जेवायला बसत. सासरे त्याला विचारत, "आज गिऱ्हाइकं बरी हुती का?" तो म्हणायचा, "बरी हुती." मी दोघांना वाढायची.