सर म्हणायचे, दोन

आमच्या लॅबमध्ये गाठीच्या तुकड्याची प्रत्येक काच, म्हणजे स्लाइड, दोघांनी पाहायची पद्धत होती. आधी सर, मग मी. स्तनाच्या कर्करोगाची गाठ किती आक्रमक आहे, ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून एक ते तीन अशा श्रेणीत लिहायचं. तीन म्हणजे सर्वांत वाईट. फॉर्मवर 'दोघांनी स्वतंत्रपणे तपासले' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात चहा पिता पिता सर आकडा सांगायचे आणि मी मम म्हणायची.

विभागणाऱ्या पेशी जितक्या जास्त, तितकी श्रेणी वरची. मला कधी कधी तीन दिसायची. जी पेशी विभागतेय म्हणून मी मोजायची, ती सरांना मेलेली वाटायची. "शंका असेल तर सोडून द्या, बाई," ते म्हणायचे. मी सोडून द्यायची. पुण्यात माणूस रिक्षावाल्याशी तासभर वाद घालेल, पण ज्यांनी सूक्ष्मदर्शकात बघायला शिकवलं त्यांच्याशी एका पेशीवरून कोण भांडतं? निदान मी तरी नाही भांडले.

पुढे डीप लर्निंगवाली तरुण मंडळी आली. कपाटं भरून ठेवलेल्या आमच्या काचांचे फोटो काढून त्यांनी आमच्या श्रेण्यांसकट मशीनला शिकवले. दोन तज्ज्ञांचं इतकं एकमत कुठे सापडत नाही म्हणून त्यांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. मशीन राहिलं.

गेल्या वर्षी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका अंगणवाडीताईंची काच आली. गाठ लहान, रोग काखेपर्यंत पोचलेला नव्हता. श्रेणी दोन असेल तर गोळ्यांवर भागणार होतं, तीन असेल तर केमो. मी पुन्हा पुन्हा मोजलं. तीन. मशीन म्हणालं, दोन. त्याने वगळलेल्या पेशी मी स्क्रीनवर एकेक करून पाहिल्या. सरांनी नेमक्या त्याच वगळल्या असत्या.

डॉक्टरांच्या बैठकीत मी तीनवर अडून बसले. सर्जन हसून म्हणाले, "मॅडम, आपणच शिकवलंय ना त्याला? एकेका काचेवर आपली सही आहे."

त्यातल्या कित्येक सह्या मनाविरुद्धच्या होत्या, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. बोलले असते तर सरांचं नाव, इतक्या वर्षांचे रिपोर्ट, ते घेऊन निर्धास्त घरी गेलेल्या बायका, सगळंच बाहेर आलं असतं. मी पाणी प्यायले. स्वतःची लाज वाटत होती, तरी बोलवेना. शेवटी दोन्ही आकडे ताईंपुढे ठेवावेत आणि त्यांनाच ठरवू द्यावं, असं ठरलं.

चार दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. केमो नको, असं सर्जनना सांगूनच आल्या होत्या.

"राग मानू नका, मॅडम. तुमचं तीन हाय, ते कळलं मला. पन मानूस म्हटलं की कुनाचं तरी मन राखतंच. मशीनला कुनाची भीड नसती. ते खरं तेच बोलनार, नाही का?"

खरं सांगायची तीच वेळ होती.

"गोळ्या चुकवू नका," मी म्हणाले.