पुराच्या वर्षीच्या गौरी

देवाला आपलं घर दिसतं तरी का, असा प्रश्न मला त्या भाद्रपदात पडला होता आणि तो मी मोठ्याने विचारलाही होता. हातात खराटा, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि स्वयंपाकघरात घोटाभर गाळ. ह्यांनी पाण्याची बादली पुढे सरकवली.

आमचं घर ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला आहे. काशीत आमच्या पिढ्या गेल्या, त्यामुळे गंगा दारापर्यंत येणं आम्हांला नवं नाही. पाणी चढू लागलं तशा शेजारच्या चाची सांगून गेल्या, “बहू, अबकी मइया भीतर तक आएँगी। सब ऊपर चढ़ा लो।” मग फ्रिज, गाद्या, गॅसची टाकी, इन्व्हर्टर, देव्हारा, सगळं छतावरच्या खोलीत गेलं. खाली राहिली ती गव्हाची कोठी.

ती विसरली नव्हती, मी मुद्दाम ठेवली होती. आमच्याकडे विसर्जनानंतर गौरींचे शाडूचे मुखवटे कापडात बांधून गव्हात ठेवतात आणि पुढच्या आवाहनापर्यंत कोठी उघडत नाहीत. भरलेली कोठी जिन्यावरून जाईना, रिकामी करायची तर उघडणं आलं. शिवाय आतल्या गाठी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हातच्या होत्या. आदल्या वर्षी श्रावणात त्या गेल्या. सुतकामुळे त्या वर्षी गौरी बसल्याच नाहीत. थोरली गौर त्या आत आणायच्या, धाकटी मी. आता दोन्ही मलाच आणायच्या होत्या, आणि ह्या वर्षीही चुकल्या तर कुळाचार मोडला असंच मी धरून बसले होते. हे म्हणाले, “उघड गं, संकटात देव रागावत नाही.” मी ऐकलं नाही. चार माणसं बोलावून कोठी ओट्यावर चढवली. मागच्या बाढीचं पाणी ओट्याच्या खालीच थांबलं होतं, एवढ्या हिशोबावर मी निर्धास्त झाले.

पाणी ओट्याच्या वर गेलं. आम्ही छतावर होतो, नावेतून कुणी खिचडी आणून देई, आणि खाली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येई. मी जप करायला बसे आणि माळ तशीच हातात राही. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर कोठी आडवी पडलेली, झाकण उडालेलं, गहू फुगून आंबलेले. तो वास अजून नाकात आहे. जाऊबाईंच्या गाठी तशाच घट्ट होत्या आणि वरून चाचपलं तर आत नुसता चिखल होता. मी ते गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि ह्यांना सांगितलं, ह्यापुढे आपल्या घरात गौरी नाहीत. इतकं जपूनही ज्यांना राहायचं नाही, त्यांना कशाला बोलवायचं?

आवाहनाच्या दिवशीही आम्ही गाळच उपसत होतो. गौरी मुक्काम करतात त्या दिवसांत घर कसं भरलेलं असे, आणि आता भिंतीला पापुद्रे सुटलेले. मी ह्यांच्यावर कशावरून तरी ओरडत होते, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची, कपाळाला ठसठशीत कुंकू, चपला हातात.

“मराठी ऐकू आलं म्हणून थांबले,” ती म्हणाली. “पाण्यामुळं गाडी रद्द झाली, धर्मशाळेत अडकलेय. आज घरी गौरी यायच्या, अन् मी इथं.” मग तिने आत नजर टाकली. “तुमच्या कुठं मांडल्यात?”

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ती जवळ गेली, गाठोड्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, “आमच्यात खड्यांच्या असतात. नदीचे खडे आणायचे. चला, आणू.”

“आमच्यात ती चाल नाही हो.”

“नसू दे. त्या यायच्या म्हणतायत, तर आपण दार कशाला लावायचं?”

मी का निघाले, मला आजही सांगता येत नाही. खडे आणताना बोलायचं नसतं, म्हणून आम्ही मुकाट्याने उतरलो. गंगेत वाळू आणि गाळच असतो, खडे कुठले मिळायला! पण पायऱ्यांच्या तुटलेल्या दगडांच्या कपच्या चिखलात हाताला लागल्या. त्याच धुतल्या, दोन तांब्यांत घेतल्या. परत येईतो ह्यांनी दारापासून पाटापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली होती. बदकाची वाटावीत अशी, पण काढली होती. उंबऱ्याशी ती थांबली. “थोरली कोण आणणार?” तिने हळूच विचारलं.

“तुम्ही आणा,” मी म्हणाले.

ती उजवा पाय टाकून आत गेली आणि तिच्या मागे मी. जाऊबाई गेल्यापासून मी लोकांसमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले, आणि तिने मला रडू दिलं.

गूळपाणी घेऊन ती निघाली. मागाहून आठवलं, सवाशीण दारात आली आणि मी तिची ओटीसुद्धा भरली नाही. दुसऱ्या दिवशी दोन-तीन धर्मशाळा पालथ्या घातल्या. नावच विचारलं नव्हतं, तर कोणाला शोधणार? गाडी मिळून ती गेली असेल. ती कोण होती ह्याचा तर्क मी करत नाही. अडकलेली एक बाई होती, एवढंच मला ठाऊक आहे. माझ्या घट्ट मुठीत काही राहिलं नव्हतं आणि उघड्या दारातून सारं आत आलं, ह्याबद्दल मात्र ऋणी आहे.

विसर्जनाला मी खडे आणि जाऊबाईंचं गाठोडं, गाठी न सोडता, गंगेत सोडलं. मग खण, नारळ, तांदूळ घेऊन पाण्यात उतरले आणि राहिलेली ओटी भरली. नाव घेता येईना, म्हणून नुसतं म्हणाले, “बाई, तुमची.”