जगदाळ्यांची पहिली शिकार

"कै. जगदाळेकाका चिंकाऱ्याच्या शिकारीला म्हणून सुप्याच्या माळावर गेले आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात गवतावर उताणे पडून असे काही झोपले, की आम्ही हाका मारल्यावरच उठले. चिंकारे येऊन त्यांनाच पाहून गेले असतील! कॅमेऱ्यात सापडला तो झोपेत बटण दाबले गेल्याने निघालेला गवताचा एक धूसर फोटो. असे होते आमचे गोड, विसराळू, स्वप्नाळू काका."

पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीच्या यंदाच्या स्मरणिकेत सचिव बर्वे यांनी श्रद्धांजली म्हणून हा मजकूर छापला आहे. त्यातले 'कै.' एवढेच अक्षर खरे आहे. उरलेल्या प्रत्येक शब्दाला माझी हरकत आहे. जगदाळे गोड नव्हते. विसराळू तर मुळीच नव्हते. बर्वे यांनी पार्किंगच्या सभेत काय कबूल केले होते, हे जगदाळे त्यांना वर्षानंतरही ऐकवू शकत. आणि त्या सकाळी ते झोपले नव्हते.

मी हे मित्र म्हणून लिहीत नाही. चिंचवडच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षे घालवली, तिथे जगदाळे प्लॅनिंगला होते आणि मी मेंटेनन्सला. ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणत्या मशीनवर कोणता माल कधी निघायचा हे प्लॅनिंगवाला ठरवतो, आणि नेमके तेच मशीन त्याच दिवशी बंद ठेवायला मागतो तो मेंटेनन्सवाला. आमच्यात प्रेम असण्याचे काही कारणच नव्हते. भांडलो मात्र कायम अहो-जाहो करून.

"अहो शेलार, तुमचं मशीन माझ्या डिस्पॅचचा दिवस बघूनच आजारी पडतं का हो?"

"जगदाळे, तुम्ही मशीन कागदावर चालवता. तेल लागतं ते कागदावर दिसत नाही."

त्यांची एक निष्ठा मात्र मला मान्य होती, ती ट्रायलवरची. मशीन नव्या कामाला लावले की पहिला निघणारा नग हा ट्रायल पीस. त्याला लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला ठेवायचा; तो मालात मिसळायचा नाही. "ट्रायल पीस गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो," असे जगदाळे म्हणत, आणि आवाज असा लावत की जणू एखादा धर्मनियमच सांगत आहेत. घरीही तेच. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी आचाऱ्याकडून जिलबीची ट्रायल घेतली, आणि ती एकट्याने बसून खाल्ली. निवृत्तीच्या भाषणाची ट्रायल कँटीनमध्ये माझ्यासमोर झाली. तिच्यात मेंटेनन्स खात्याचे मनापासून आभार होते. प्रत्यक्ष भाषणात ते नव्हते. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "ट्रायलमध्ये जड वाटले."

निवृत्तीनंतर आम्ही दैवयोगाने एकाच सोसायटीत आलो आणि बागेतल्या बाकावर भांडण पुढे चालू राहिले. एका सकाळी मी त्यांना म्हणालो, "जगदाळे, आयुष्यभर दुसऱ्यांनी काय करायचं ते तुम्ही सांगत आलात. तुमच्या हातचा एक तरी नग दाखवा." हे मी म्हणालो, खरे तेच म्हणालो, आणि आजही मागे घेत नाही. जगदाळे उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाकावर टेकायच्या आतच म्हणाले, "शेलार, ठरलं. चिंकारा."

चिंकारा म्हणजे शेळीहूनही अंगाने बारीक असे, वाळल्या गवताच्या रंगाचे हरीण. सुप्याच्या पलीकडच्या उघड्या माळावर ते अजून आहे. कायद्याने त्याच्या केसालाही धक्का लावता येत नाही, आणि जगदाळे यांना लावायचाही नव्हता. शिकार कॅमेऱ्याने करायची होती. पण 'फोटोग्राफी' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "फोटो लग्नात काढतात," ते म्हणाले. "पक्षी झाडावर बसतो, वाघ जीपमधून दिसतो. हे जनावर उघड्यावर असतं. लपायला त्याला काही नाही, मला काही नाही. जवळ जायचं तर पोटावर जायचं. सगळं काम माझं. म्हणून ही शिकार."

आता जे लिहितो ते बर्वे यांना ठाऊक नाही. जगदाळे यांचा उजवा हात कापत असे. बाकावर ते चहाचा पेला दोन्ही हातांनी धरत. बर्वे यांना वाटे, थंडीमुळे. घरात वहिनींना माहीत होते आणि बाहेर मला. शिकारीचे कळल्यावर वहिनींनी त्यांना माझ्यासमोर बजावले, "एकदा जा. पण हातानं दगा दिला तर हा नाद तिथंच संपला. उद्या माळावर तोल जाऊन पडलात, तर उचलायला कोण आहे? पुन्हा त्या माळाचं नाव काढायचं नाही. आहे कबूल?"

"हातानं दगा दिला तर," जगदाळे म्हणाले. "कबूल."

मग प्लॅनिंग सुरू झाले. पिंपरीत जुने कॅमेरे विकणाऱ्या इक्बालभाईंकडून लांब भिंगाचा कॅमेरा आला. त्याच्या वजनाने हात अधिकच कापू लागला, तेव्हा इक्बालभाईंनीच तोड सांगितली: "चाचा, कापडाची एक पिशवी शिवा, मूग भरा. जमिनीवर ठेवा, वर कॅमेरा टेकवा. मग हात कसाही नाचू द्या, कॅमेरा जागचा हलणार नाही." वहिनींनी कंपनीच्या जुन्या पँटची पिशवी शिवली. कपाळावर आठ्या होत्या, पण टाके घट्ट घातले. अंगात घालायला त्याच कंपनीचा खाकी युनिफॉर्म निघाला. दिवाळीनंतर माळ वाळतो तेव्हा त्याचा रंग नेमका आमच्या युनिफॉर्मचा होतो, हा शोध जगदाळे यांनी मला ज्या अभिमानाने सांगितला, त्यावरून युनिफॉर्म त्यांनीच रंगवला असावा असे वाटले.

ट्रायल अर्थातच झाली. मोशीला इंद्रायणीच्या अंगाला नव्या इमारतींच्या मध्ये एक मोकळे रान उरले आहे. तिथे हौसाबाई नावाच्या बाई शेळ्या चारत. त्या शेळ्या म्हणजे चिंकारे, असे धरून जगदाळे पोटावर सरपटू लागले. मी दगडावर बसून चुका काढत होतो.

हौसाबाई काही वेळ पाहत राहिल्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, "आवं दादा, काय हरपलंय का? किती येळचं गवतात लोळताय."

"मावशी, सराव चाललाय."

"कशाचा? मरायचा?"

पण ट्रायल डोळे दिपावे अशी झाली. शेळ्या बुजल्या नाहीत, पळाल्या नाहीत. त्यांच्यात आणि जगदाळ्यांत पाहता पाहता हातभराचे अंतर उरले. जगदाळे उठून कपडे झटकत माझ्याकडे आले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "लिहून घ्या शेलार." तेवढ्यात हौसाबाई मागून ओरडल्या, "आवं, तुमच्याजवळ हाय काय खायाचं? माज्या शेळ्या उगं न्हाई कुणाच्या मागं जायाच्या!" पाहतो तर एका शेळीने मुगाच्या पिशवीचा कोपरा कुरतडून आतला माल संपवत आणला होता.

मी पोटभर हसलो. जगदाळे हसले नाहीत. फाटकी पिशवी हातात धरून म्हणाले, "ट्रायल चुकली. मी त्यांच्याकडे जात नव्हतो, त्या माझ्याकडे येत होत्या. बरं झालं इथं कळलं." पुढच्या खेपेला पिशवीत वाळू होती. शेळ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि जगदाळे दर खेपेला थोडे अधिक जवळ जाऊ लागले. गुडघे सुजले की वहिनींना म्हणत, "जिना चढलो." आमच्या इमारतीची लिफ्ट कधी बंद पडत नाही, हे वहिनींना माहीत होते.

सुप्याला आम्ही बर्वे यांच्या गाडीतून गेलो. एवढा उपकार मी मान्य करतो. माळाच्या कडेला वनरक्षकाने गाडी अडवून विचारले, "काय काम काढलंत?"

"शिकार," जगदाळे म्हणाले. "चिंकाऱ्याची."

तो तरुण एकदम ताठ झाला आणि त्याने डिकी उघडायला लावली. आत वाळूची पिशवी, थर्मास आणि वहिनींनी दिलेल्या दशम्या निघाल्या. सगळा उलगडा झाल्यावर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "बाबा, हा शब्द पुन्हा कुठं बोलू नका राव! या गायरानात बसा, सरका, काय करायचं ते सावकाश करा. जनावर बुजलं तर थांबायचं, मागं लागायचं न्हाई."

"मागं लागणं आमच्या प्लॅनमध्ये नाही," जगदाळे म्हणाले.

वाळले पान चुरून त्यांनी वाऱ्यावर सोडले, वारा कुठून येतो ते पाहिले, आणि पहिल्या उंचवट्यापाशी पालथे होऊन गवतात दिसेनासे झाले. त्यापुढचे मी पाहिले नाही, आणि न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणारा मी नव्हे. बर्वे यांनीही पाहिले नाही. त्या सकाळी झोपले कोण होते हे विचाराल, तर गाडीची सीट मागे पाडून बर्वे झोपले होते.

ऊन चांगले तापल्यावर जगदाळे उंचवट्यावरून चालत आले. हाका कोणी मारल्या नव्हत्या. मी डिकीजवळ उभा होतो. ते डिकीच्या कडेवर बसले, धाप ओसरू दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "आडवं उभं होतं, शेलार. कान माझ्याकडे. शेपटी सारखी हलत होती. त्याच्या डोळ्याखालची काळी रेघ दिसली मला."

"मग?"

"वाळू फार जड झाली. निम्म्या वाटेत पिशवी सोडली, नाहीतर पोचलोच नसतो. बटण दाबलं आणि सगळं हललं."

"हात?"

"हात." मग माझे मनगट धरून म्हणाले, "हे हिला कळलं तर संपलं. कबूल केलंय मी. आजची ही ट्रायल. कळलं?" मी शब्द दिला.

एवढ्यात बर्वे डोळे चोळत आले. कॅमेऱ्यातला तो फोटो पाहून म्हणाले, "हे काय काका? झोपलात की काय?"

जगदाळे यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. "डोळा लागला खरा," ते म्हणाले.

ज्या माणसाने डिस्पॅच एक दिवस लांबला तरी स्वतःवर शब्द येऊ दिला नाही, त्याने ही नामुष्की हसत अंगावर घेतली. कारण साधे होते. हात कापला हे कळले असते तर दुसरी शिकार नव्हती. झोप लागली म्हटले तर लोक फक्त हसणार होते. घरी वहिनीही हसल्या आणि म्हणाल्या, "झोपायला एवढ्या लांब गेलात? बरं, जा पुन्हा एकदा." जगदाळे यांना नेमके हेच वाक्य हवे होते. सोसायटीत महिनोन् महिने थट्टा चालली. लहान पोरेसुद्धा "काका, गुड नाईट" म्हणत. ते पुढच्या मोसमाची तयारी करत राहिले. पिशवीत आता लाकडाचा भुसा आला होता. "हलका, मुका, आणि शेळी खात नाही," असे सांगून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. मोशीला तिचीही ट्रायल झाली. तोवर जगदाळे इतके बिनआवाज सरकू लागले होते, की हौसाबाई म्हणाल्या, "आता बिबट्याबी लाजंल."

दुसरी शिकार झाली नाही. माळ वाळायच्या आधीच जगदाळे गेले.

स्मरणिका घरोघर वाटल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतले. ते पान उघडून समोर ठेवले आणि विचारले, "भाऊजी, खरंच झोपले होते का हो? एवढे दिवस गुडघे फोडून घेतले, आणि तिथं जाऊन झोपले?" तोंडी उत्तर दिले असते तर ते त्यांच्या दिवाणखान्यातच राहिले असते. छापलेल्याला उत्तर छापूनच द्यायला हवे. जगदाळे यांना दिलेला शब्द आता मोडला, तरी त्यांची दुसरी शिकार कोणी अडवू शकत नाही. म्हणून हे लिहिले.

बर्वे म्हणतील, शेलारने पाहिले नाही, मग त्याचे का मानायचे? माझे मानू नका. मी सांगतो ती वस्तुस्थिती माना. दिवाळीनंतर त्या माळावरचे गवत कुसळांनी भरलेले असते. सुईसारखी टोके कापडात आरपार जातात आणि उपटल्याशिवाय निघत नाहीत. अंगाची जी बाजू जमिनीला लागते, तीच भरते. त्या दिवशी डिकीच्या कडेवर बसलेल्या जगदाळे यांना कापत्या बोटांनी कुसळे धरता येत नव्हती. ती बर्वे उठायच्या आत मी काढली, एकेक करून, गळपट्टीपासून घोट्यापर्यंत. छाती, पोट आणि मांड्यांची पुढची बाजू कुसळांनी विणल्यासारखी झाली होती. दोन्ही कोपरांवर युनिफॉर्म फाटून खालची कातडी सोलली होती. पालथ्या झोपलेल्या माणसाचीही कोपरे अशी सोलत नाहीत. मग मी त्यांना म्हणालो, "वळा, पाठ साफ करतो." ते वळले.

पाठीवर एकही कुसळ नव्हते.