दिगूची बाय

"दारू सुटली" अशी बातमी घेऊन समुपदेशनाच्या वर्गात आलेल्या कोणाचंही कुसुमबाईंनी कधी अभिनंदन केलं नाही. पहिल्याच शनिवारी मी ती चूक केली. आमच्या कट्टा गावातल्या एका टेम्पोवाल्याने तीन आठवडे बाटलीला हात लावला नव्हता, ते मी उत्साहाने सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बरां. झोपता काय तो?"

मला माहीत नव्हतं.

"जेवता? एकटोच असलो तर काय पुटपुटता?"

तेही माहीत नव्हतं.

"मगे तुका खबर काय आसा? बाटलीची खुशाली माका नको गो. माणसाची सांग."

वर्ग हसला. मीही हसले, पण कुडाळ स्टँडवर बस पकडेपर्यंत कान तापलेलेच होते.

आधी माहिती सांगून टाकते. कुसुमबाई मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या, होडीवर पोट असलेल्या घरातल्या. मुंबईत मनोरुग्णांच्या इस्पितळात बरीच वर्षं काम करून त्या परतल्या आणि कुडाळला समुपदेशकांसाठी पदव्युत्तर पदविकेचा वर्ग चालवू लागल्या. शनिवार-रविवार, भाड्याची खोली, आम्ही दहा-अकरा जण. विषय एकच : मनाचा आजार आणि व्यसन, दोन्ही एकदम असलेली माणसं. शिकवायच्या प्रमाण मराठीत, चिडायच्या मालवणीत. त्यामुळे लक्षात राहिलं ते बहुतेक मालवणीतलंच.

अशा माणसाला व्यसनमुक्ती केंद्र म्हणायचं, आधी डोक्याचं औषध करून या. डोक्याचा डॉक्टर म्हणायचा, आधी दारू सोडून या. बाई टेबलावर पंजा आपटायच्या. "ह्या दारातसून त्या दारात, त्या दारातसून ह्या दारात! माणूस एकच मा? तेची वाटणी कित्याक करतास?"

हे बाई पुस्तकातून बोलत नव्हत्या. त्यांना 'बाय' म्हणणारा धाकटा भाऊ दिगंबर, म्हणजे दिगू, तसाच होता. कधी महिनाभर अंथरूण सोडायचा नाही. कधी रात्र-रात्र जागून, घरात तांदूळ नसताना, नव्या होडीची बोलणी करून यायचा. दोन्ही वेळा प्यायचा. बाईंनी लग्न केलं नव्हतं. मुंबई सोडली ती त्याच्यासाठीच. रोजची गोळी आणि ठरलेली रक्ततपासणी हे त्यांनी इतकं नेटाने चालवलं की तो पुन्हा समुद्रावर जाऊ लागला होता. अधूनमधून प्यायचा, पण गोळी चुकत नसे. वर्गात त्यांनी हे लपवलं नाही. "मी मोठी, मी आधी जातलंय," त्या सरळ म्हणाल्या होत्या. "माझ्या मागसून दिगूक बघणारा कोण तरी होया. म्हणान ह्यो वर्ग. बाकीच्यांचो फायदो झालो तर बरांच."

घरच्या माणसाने घरच्या माणसाचं समुपदेशन करू नये, असं त्या शिकवत. म्हणून पदविका झाल्यावर मला बोलावून म्हणाल्या, "दिगू तुझो." मी दर बुधवारी त्याच्याकडे जाऊ लागले.

पुढच्या वर्षी बाईंच्या छातीत गाठ निघाली. त्या उपचाराला मुंबईला गेल्या आणि इकडे दिगूने दारू सोडली. पूर्ण. शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "दिगू सुधारलो!" पहाटे उठून देवळाचं अंगण झाडतो, लोकांची जाळी फुकट शिवून देतो, सारखा हसतो. एका बुधवारी तो माझ्याशी तासभर न थांबता बोलला, आणि घरी जाताना मला त्याचं ते जुनं रात्र-रात्र जागणं आठवलं. बाई डोक्याला रुमाल बांधून परतल्या, तेव्हा मी हे सगळं सांगितलं. त्यांनी दिगूला समोर बसवलं.

"काय सोडलंस रे?"

"सगळा! देवाक नारळ ठेवून सांगलंय, नशेची वस्तू तोंडात घालूचंय नाय, माझ्या बायक बरी कर."

"आणि गोळी?"

"ती पण नशाच मा? गुंगी येता."

बाईंनी गोळ्यांची पुडी काढून त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "औषद सुरू कर, दिगू."

"आणि तुका काय झाला तर?"

"माका जा होतला ता गाठीन होतला. तुझ्या गोळीन नाय."

तो ऐकेना. देवाला शब्द दिला होता. त्याच दुपारी बाई आम्हा दोघांना घेऊन देवळात गेल्या. गुरव मान हलवू लागला. "घातलेला गाऱ्हाणा फिरवूक येणा नाय, बाय."

"फिरवू नको. खुलासो कर."

"देवाक खुलासो?"

"तुका कळलो तर तेकाय कळतलो."

गुरव हसला आणि गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवाला मोठ्याने विनवायला, उभा राहिला. "बा देवा महाराजा! ह्या लेकरान नशा सोडल्यान हा. डाक्टरान दिल्लेला औषद त्या नशेत धरू नको रे महाराजा!" आम्ही म्हणालो, "व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता. दिगू गप्प उभा होता. पण त्या संध्याकाळी त्याने गोळी घेतली, आणि हळूहळू त्याचं बोलणं, चालणं जागेवर आलं.

शिमग्याच्या आधी बाई गेल्या.

शेवटच्या दिवसांत त्या फार बोलत नव्हत्या. मी गेले की डोळे दिगूकडे वळवायच्या, मग माझ्याकडे. मी होकाराची मान हलवायची. एवढंच.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, तर तो वाळूत ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसला होता. प्यायलेला नव्हता. पुडीतल्या गोळ्या मात्र चार दिवसांच्या तशाच होत्या.

"मी शब्द मोडलंय, म्हणान ती गेली," तो म्हणाला.

वाद घालायची घाई करू नये, आधी ऐकावं, हे मला शिकवलेलं होतं. मी ऐकलं. रोज गोळी घेताना तो देवळाकडे पाठ करायचा, ते त्याने सांगितलं. ज्या आठवड्यात बाईंचं दुखणं वाढलं, त्या आठवड्यात आपण एकही गोळी चुकवली नव्हती, तेही सांगितलं. मग थेट माझ्याकडे बघून विचारलं, "तू सांग. माझ्यामुळे गेली काय गो?"

"नाय रे दिगू. आजारान गेली."

"तुका तसांच सांगूक होया." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तिनाच शिकवल्यान मा तुका."

मी पुडी उघडून आजची गोळी काढली. मग त्याने हात पुढे केला. मी गोळी तळव्यावर ठेवली. पाण्यावाचून ती गिळून त्याने तोंड पुसलं.

गोळी तो अजून घेतो. बरं वाटावं म्हणून नाही. बायने सांगितलं होतं, म्हणून. ती घेताना त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. दर वेळी त्याच्या लेखी बाय पुन्हा एकदा जाते.