फवारा न उडवणारं चाक

"फवारा कुठाय?" अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन. धोतराचा सोगा हातात धरून पाटाच्या कडेला उभे होते. त्यांच्या मागे चीफ इंजिनियर बापट साहेब आणि बापट साहेबांच्या मागे मी. समोर मी बनवलेलं चाक पाण्यावर फिरत होतं. कागदोपत्री त्याचं नाव वॉटर व्हील. वर्कशॉपमध्ये सगळे नुसतं चाक म्हणायचे.

"फवारा नाही अण्णा. मुद्दामच नाही," मी म्हणालो.

"आन् फिरतंय का असं? बाळंतिणीवानी?"

"सावकाशच फिरायला पाहिजे. लोड आहे त्याच्यावर."

अण्णांनी बापट साहेबांकडे बघितलं. बापट साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे कोणी नव्हतं, म्हणून मी चाकाकडे बघितलं. ते बिचारं आपलं काम करत होतं.

हे दुष्काळातलं, बहात्तर सालच्या आसपासचं. कोल्हारपासून थोडं पुढे, पाटाला लागून एक वस्ती होती. वस्तीत एका खोलीचा सरकारी दवाखाना, आणि त्या दवाखान्यात साळवे सिस्टर. आसपासच्या सगळ्या बाळंतपणांचा भार या एका बाईवर. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका दिवस भरेपर्यंत खडी फोडायच्या आणि तशाच सिस्टरकडे यायच्या. खोलीला खिडकी म्हणजे भिंतीत एक भोक. घासलेट मिळायची मारामार. विजेचे खांब निवडणुकीच्या आधी आले होते, तारा पुढच्या निवडणुकीला येणार असाव्यात. तोवर खांबांना शेळ्या बांधायचे.

सिस्टर एक दिवस थेट कारखान्याच्या ऑफिसात आल्या. "मला दोन बल्ब पाहिजेत," म्हणाल्या. "एक टेबलावर, एक दारात. टाके घालताना मला दिसलं पाहिजे, एवढंच."

अण्णा लगेच हो म्हणाले. अण्णा दयाळू होते, यात वाद नाही. पण त्याच सुमारास दुष्काळी कामं बघायला मंत्री येणार होते, आणि शेजारच्या तालुक्यातल्या चेअरमननी त्यांच्यासाठी कारंजं बसवलं होतं. दुष्काळात कारंजं! अण्णांना रात्रंदिवस ते कारंजं खुपत होतं. त्यात दवाखान्याजवळच पाटाला फॉल होता. फॉल म्हणजे पाटाचं पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उडी मारतं ती जागा. पाणी खर्च होत नाही, वरून पडतं आणि पुढे शेतात जातं. त्या पडण्यातून वीज काढायची, अशी योजना.

पहिलं चाक अण्णांच्या मेहुण्यानं केलं. मेहुणे कॉन्ट्रॅक्टर. त्यांनी लाकडी चाकाला सपाट फळ्या ठोकल्या आणि फॉलच्या पायथ्याशी धारेत सोडून दिलं. चाक असं गरगरायला लागलं की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषभर उंच फवारा उडाला. मग त्याला डायनामो जोडला. चाक जागच्या जागी मान टाकून बसलं आणि बल्बमधली तार बिडीच्या टोकाएवढी लाल झाली.

सिस्टर म्हणाल्या, "हा बल्ब लागलाय का नाही, हे बघायला कंदील लागतो."

तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी कारखान्यात डिझाइनला होतो. म्हणजे तुटलेल्या मशिनच्या जागी काय बसेल, ते कागदावर काढायचो.

गोष्ट साधी आहे. धार खालून फळीवर आपटते तेव्हा तिचा बराचसा जोर उडण्यात जातो. जेवढा फवारा, तेवढी वीज वाया. त्याऐवजी पाणी चाकाच्या माथ्यावर हळूच सोडायचं. चाकाच्या कडेला फळ्यांऐवजी पत्र्याचे डबे बसवायचे. डबा भरला की वजनानं खाली जातो, मागचा भरतो, तोही खाली जातो. पाण्याला पळवायचं नाही, त्याचं वजन वापरायचं. मोटेचं उलटं म्हणा ना. मोटेत बैल पाणी वर ओढतो, इथं पाणी खाली जाताना चाक ओढतं.

खरी मेख डब्याच्या आकारात असते. तोंड फार उघडं ठेवलं तर डबा अर्ध्या वाटेतच सांडतो. फार बंद केलं तर भरत नाही, आणि खाली गेल्यावर रिकामा होत नाही. मी भंगारातले मळीचे ड्रम कापून डबे वळवले, बसवले, काढले, पुन्हा वळवले. वर्कशॉपमधले लोक मला कल्हईवाला म्हणायला लागले. शेवटी डबा तळाशी पोचेपर्यंत पाणी धरून ठेवायला लागला आणि तिथं अलगद ओतायला लागला. चाक सावकाश फिरे, पण त्याला जोर असा की हातानं धरून थांबेना. पुढे पट्टे आणि पुल्या लावून तो सावकाश फेरा डायनामोपर्यंत जाईतो वेगाचा केला. डायनामो जुन्या ट्रकचा. पाटाला कायम पाणी नसे, पाळीनं सुटे. म्हणून दवाखान्यात दोन बॅटऱ्या ठेवल्या, वीज साठवायला. तेवढंच पाणी, तोच डायनामो आणि सिस्टरचे दोन्ही बल्ब लख्ख.

सिस्टरनी बल्बखाली सुईत दोरा ओवून बघितला. "जमलं," एवढंच म्हणाल्या. नोकरीत मला नंतर सर्टिफिकिटं मिळाली, पण ती कुठं ठेवलीत आठवत नाही.

आता पुन्हा अण्णांकडे येऊ.

"भालेराव," अण्णा म्हणाले, "मंत्रीसाहेब मुंबईवरनं येनार. त्यांना दाखवायचं काय? डबं?"

"अण्णा, दोन बल्ब लागतात की त्याच्यावर."

"बल्ब त्येंच्या घरी बी हायेत."

बापट साहेबांनी घसा साफ केला. "तुमचं टेक्निकली बरोबर आहे भालेराव. पण व्हिज्युअली कमी पडतं."

निघालेला तोडगा असा. मेहुण्यांचं जुनं चाक बाहेर काढायचं, त्याला हिरवा-पांढरा ऑइलपेंट द्यायचा, रस्त्याच्या बाजूला फॉलखाली बसवायचं आणि कशालाही न जोडता मोकळं सोडायचं. माझं चाक मागे, पत्र्याच्या आडोशाला.

"पण साहेब, पाणी एकच आहे," मी म्हणालो. "पुढच्या चाकाला सोडलं तर मागं काय राहणार?"

"कार्यक्रमापुरतं हो. मंत्रीसाहेब गेले की बंद करू."

"आणि त्या वेळात सिस्टरकडे कोणी आलं तर?"

"बॅटऱ्या आहेत ना? तुम्हीच बसवल्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बॅटऱ्या खरंच होत्या, म्हणून त्या काठोकाठ भरून ठेवल्या.

मंत्री सकाळी येणार होते. शाळेतली मुलं लेझीम घेऊन सकाळपासून उभी. दुपार झाली, मुलं बसली. मग आडवी झाली. पाटाच्या कडेला मांडव, मांडवाला रंगीत बल्बांची कमान, आणि पुढे ते हिरवं-पांढरं चाक भन्नाट फिरतंय, फवारा उडतोय. लाउडस्पीकरवाल्यानं दिवसभर गाणी वाजवून आपली बॅटरी संपवली. दिवस मावळायला आला तेव्हा मंत्र्यांची जीप दिसली.

मंत्र्यांनी फीत कापली. अण्णांनी बटण दाबलं. कमान झगझगली. टाळ्यांचा कडकडाट!

मी चक्रावलो. ते चाक कशालाच जोडलेलं नव्हतं, मग कमान लागली कशावर? स्टेजच्या मागे जाऊन बघितलं. दवाखान्यातल्या दोन्ही बॅटऱ्या तिथं. एकीवर कमान, दुसरीवर लाउडस्पीकर. मेहुणे शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"या कोणी आणल्या?"

"ओरडू नका ओ. कार्यक्रमापुरत्या," मेहुणे म्हणाले. "त्या बाईकडं आत्ता कोन हाय का?"

होतं. स्टेजच्या पायऱ्यांशी एक म्हातारी येऊन उभी होती. डोक्यावरचा पदर खडीच्या धुळीनं पांढरा. पुढे मंत्री बोलत होते. "बंधूंनो, हे चाक म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या प्रगतीचं..." म्हातारी अण्णांना म्हणाली, "मालक, दवाखान्यातला उजेड गेलाय. माझी सून अडलीया. नर्सबाईनं धाडलंय मला."

"आजीबाई, पाच मिन्टं," अण्णा हळूच म्हणाले. "भाषन होऊ द्या."

"तुमचं भाषन थांबंल," म्हातारी मोठ्यांदा म्हणाली. "पोर थांबायचं न्हाई."

मंत्री क्षणभर थबकले आणि पुन्हा प्रगतीवर आले. अण्णांनी तिला हातानं बस म्हणून खुणावलं. ती बसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, कारण सिस्टरनी तिला माझंच नाव सांगितलं होतं.

मी वाकलो आणि दोन्ही बॅटऱ्यांचे क्लॅम्प ओढून काढले.

कमान विझली, भोंगा मुका झाला. मंत्र्यांचं तोंड मात्र चालूच होतं, माशासारखं. मेहुणे माझ्या अंगावर धावून आले. म्हातारी मधे उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावून बघ!" त्यांनी लावला नाही. वर्कशॉपचे दोघं फिटर पुढे झाले, एकेक बॅटरी खांद्यावर मारली आणि आम्ही दवाखान्याकडे पळालो.

सिस्टर दारातच होत्या. कोपरापर्यंत हात भरलेले. "बोलू नका. जोडा," म्हणाल्या. मी जोडल्या. बल्ब लागले. दार बंद झालं.

बाहेर आम्ही तिघं पुरुष भिंतीला टेकून उभे राहिलो. पलीकडे मांडवात लेझीम सुरू झाली. बऱ्याच वेळानं आतून पोराचं रडणं ऐकू आलं. पण सिस्टर बाहेर येईनात. आणखी कितीतरी वेळ गेला. मग दार उघडलं.

"बाई वाचली," त्या म्हणाल्या. "रक्त थांबत नव्हतं. कुठून येतंय ते दिसलं म्हणून टाका घालता आला." मग माझ्याकडे वळल्या. "बॅटऱ्या ज्यानं उचलल्या त्याला सांगा, पुढच्या वेळी स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणात उचल म्हणावं."

मी निरोप शब्दशः पोचवला. मेहुणे माझ्याशी त्यानंतर कधी बोलले नाहीत. तो एक फायदाच झाला.

मला वाटलं, नोकरी जाणार. अण्णा आठवडाभर नुसते माझ्याकडे बघायचे. पण मंत्र्यांना काहीच कळलं नव्हतं. लाउडस्पीकर बंद पडणं त्यांच्या रोजच्या सवयीचं. चाक मात्र त्यांना बेहद्द आवडलं. कारखान्याला कौतुकाचं पत्र आलं आणि पाठोपाठ वरून हुकूम आला: सदर हिरवे-पांढरे चाक इतर तालुक्यांतही बसवावे. पहिला नंबर कर्जतचा, आमच्याच जिल्ह्यातला कायमचा कोरडा तालुका.

दुष्काळात, कर्जतला, पाण्याचं चाक!

बापट साहेबांनी हुकूम माझ्या हातात ठेवला. "अण्णांनी खास तुमचं नाव सुचवलंय."

कर्जतच्या कचेरीत गेलो. म्हटलं, "चाक आणलंय. पाणी कुठाय?"

तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला. "यात पाण्याचा उल्लेख नाही. तुम्ही चाक बसवा. पाण्याचं नंतर बघू."

बसवलं. कोरड्या ओढ्यात, सिमेंटचा पाया घालून. तपासणीला वरून साहेब आले की कचेरीतला एक शिपाई ते हातानं फिरवून दाखवायचा. शेरा काय आला माहितेय? 'चाक सुस्थितीत असून समाधानकारक फिरते.' खोटं काही नव्हतं त्यात. मेहुण्यांची सगळी चाकं फिरायचीच.

दोनेक वर्षांनी मी कोल्हारला परत आलो. रस्त्याच्या बाजूचं चाक मोडून पडलं होतं. फळ्या लोकांनी चुलीला नेल्या होत्या. संगमरवरी पाटी मात्र शाबूत, मंत्री, अण्णा, बापट साहेब, मेहुणे, सगळ्यांची नावं क्रमानं. मागे पत्र्याच्या आडोशाला माझं चाक फिरत होतं, सावकाश, बिनबोभाट. सरकारदरबारी त्याची नोंदच नव्हती, त्यामुळे दोन वर्षांत ते सुधारायला कोणी आलं नव्हतं. सिस्टर स्वतः बेअरिंगला तेल घालायच्या. दवाखान्यात दोन्ही बल्ब लागलेले होते.

मला राहवेना. म्हटलं, "सिस्टर, खरं चाक हे. याच्यावर एक छोटीशी पाटी लावू या का? तुमच्या दवाखान्याच्या नावानं?"

सिस्टर उकळत्या पाण्यातून कात्री काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नको हो भालेराव. पाटी लावली की कोणीतरी उद्घाटनाला येईल."