वरच्या वाडीत जीपनं चढवलेली चक्की

हैबतीची जीप पोलादपुरात सगळे आवाजावरून ओळखायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या लिलावात घेतलेली, चारही चाकांनी ओढणारी. हैबती फौजेत गाड्याच दुरुस्त करायचा, त्यामुळे तिचा नट न् नट त्याच्या हाताखालून गेलेला. कशेडी घाटाच्या आसपासच्या वाड्यांवर माणसं, मिठाच्या गोणी, कौलं सगळं त्या जीपमधून जायचं.

एकसष्ट साली दिवाळीनंतर पुढच्या चाकांना जोर देणारं दातेरी चक्र फुटलं. मुंबईतही तसलं मिळेना.

"भंगारात घाल," त्याचा दोस्त, महाडचा ट्रकवाला रावजी म्हणाला. "पुढली चाकं वढत नसली तर ती जीप कसली रे?"

त्याच सुमारास हैबतीची बायको रंगूबाई आणि वरच्या वाडीच्या बायांनी मिळून पिठाची चक्की घेतली होती. जात्यावर दळून त्यांचे खांदे भरून यायचे. पण चक्कीचं इंजिन आणि दगड पोलादपुरातच अडकले. वाडीखालच्या मुरमाड चढणीवर बैलांनी गुडघे टेकले आणि गाडी परत आणावी लागली होती.

"आवो, आता कशी न्यायची?" रंगूबाईनं विचारलं.

"जीपनं नेऊ गो. मागल्या दोन चाकांवर."

हैबतीनं पुढचा फिरता दांडा काढला, पुढच्या चाकांतले जोर देणारे दांडे ओढून बाहेर घेतले आणि उघड्या तोंडांवर पत्र्याच्या टोप्या ठोकल्या. पुढची चाकं आता फक्त वळायची आणि धावायची. पण चढाचा गियर पडेना! पुढल्या चाकांचा जोर चालू असल्याशिवाय तो पडूच नये, अशी मूळ रचना होती. हैबतीनं गियरची पेटी उघडली. आतल्या दोन दांड्यांच्या मध्ये, एकाशिवाय दुसरा हलू न देणारी पोलादाची एक छोटी खुंटी आडवी बसली होती. ती त्यानं काढून टाकली. दांडी खाली दाबली, गियर खट्‌दिशी बसला.

चढणीवर रिकामी जीप नेऊन पाहिली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, मुरूम उडाला, जीप घसरत खाली आली.

"बघितलंस?" रावजी म्हणाला.

हैबती वाकून चाकांखालची माती निरखत राहिला. मग उठला. "मागं वजन नाय, म्हणून फिरतात. भरा चक्की."

"रिकामी चढंना, भरलेली कशी चढंल?"

"भरलेलीच चढंल."

इंजिन आणि दगड मागच्या चाकांवर येतील असे आवळून बांधले. रंगूबाई आणि बाया हातात धोंडे घेऊन दोन्ही बाजूंनी चालू लागल्या, गाडी घसरली तर चाकाखाली सारायला. हैबतीनं गियर टाकला. चाकांनी मुरूम धरला. जीप पावलापावलानं वर सरकू लागली, वळणावर क्षणभर थबकली, आणि पुन्हा चालली. बायांच्या हातातले धोंडे हातातच राहिले. माथ्यावर पोचताच रंगूबाई ओरडली, "चढली गो, चढली!" आणि खालून रावजीनंच सगळ्यांत मोठ्यानं आरोळी दिली.

चार दिवसांनी चक्की सुरू झाली. पहिलं पीठ ऊन ऊन निघालं. रंगूबाईनं मूठभर हैबतीच्या ओंजळीत घातलं. तो ते हुंगत उभाच राहिला.

हलकी झालेली जीप पेट्रोलही कमी प्यायला लागली. पुढं महाडचे दोघं-तिघं जीपवाले आपापल्या गाड्या तशाच करून घ्यायला हैबतीच्या अंगणात आले. त्यांना घेऊन आला होता रावजीच.